म्हणता येतं, बोलता येत नाही

मला बोलता येत नाही. म्हणता येतं.

आपण कविता बोलत नाही, म्हणतो. पाढे म्हणतो, आरती म्हणतो, मंगलाष्टका म्हणतो. आधीच कुणीतरी रचून ठेवलेलं, आपण घोकून पाठ केलेलं, ते जसंच्या तसं तोंडातून बाहेर काढलं की ते म्हणणं झालं. बोलण्याचं तसं नाही. तिथं समोरचा माणूस आपल्या तोंडाकडं बघत उभा असतो आणि शब्द आपला आपण शोधून जिभेवर आणायचा असतो. माझी जीभ पहिलं काम झक्कास करते आणि दुसऱ्याला दारातच फतकल मारून बसते. लोक मला तोतरी म्हणतात. म्हणोत बापडे.

कोडोलीच्या शाळेत मी तिसरीत होते. हजेरीला नाव पुकारलं की 'हजर' एवढंच म्हणायचं असायचं. माझ्या आधीची चार नावं उरली की मी तो मनात घोकायला लागायची. हजर हा शब्द मला काय पाठ नव्हता? पण एकट्या शब्दाला मागचापुढचा आधार नसतो, त्याला धरून चालता येत नाही. माझं नाव यायचं, मी उभी राहायची, 'ह… ह… ह…' करायची, आणि बाई मान वर न करता फुली मारून पुढचं नाव घ्यायच्या. मी वर्गात उभी आणि बाईंच्या वहीत गैरहजर. त्या वर्षी मी कितीतरी दिवस शाळेत असून नव्हते.

त्याच बाईंनी एका दुपारी मला एकोणतिसाचा पाढा म्हणायला सांगितला. मी एका दमात खाली उतरले. एकोणतीस दाहे दोनशे नव्वद म्हणून थांबले तेव्हा बाई माझ्याकडं डोळे बारीक करून बघत होत्या.

"पाढा म्हणताना बरं घडाघडा येतंय," त्या म्हणाल्या. "मग हजर म्हणायला काय धाड भरतीया तुला? सोंग करतीस व्हय?"

आणि पाढा तोंडपाठ असलेल्या माझ्या पाठीत एक धपाटा बसला.

आईला मात्र सोंग वाटलं नाही. तिनं माझ्या जिभेसाठी जोतिबाला पाच रविवार बोलले. पहिल्याच रविवारी देवळाच्या आवारात सगळ्यांबरोबर मी 'चांगभलं' असं ठणठणीत ओरडले, एकदा नाही, दहादा. आई रडायलाच लागली. नवस पहिल्या रविवारीच फळाला आला म्हणून तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. मग आम्ही पायऱ्यांवरच्या दुकानाशी आलो आणि दुकानदारानं विचारलं, "काय पायजे पोरी?" मला खोबरं पाहिजे होतं. मी 'ख… ख…' करत राहिले. तो भला माणूस म्हणाला, "खेळणं व्हय? हे घे की." आणि त्यानं माझ्या हातात लाकडी बैल ठेवला. तो बैल अजून आमच्या फडताळात आहे. माझ्या तोंडातला पहिला आवाज घेऊन पुढचा शब्द आपल्या मनानं बसवणारी माणसं मला पुढं जन्मभर भेटली, पण बैल फक्त त्यानंच दिला.

मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. हे काम धरलं ते काही रक्ताच्या आवडीनं नाही. दिवसभरात मला एकच ओळ लागते. 'मूठ घट्ट करा, जरासं टोचेल, झालं, कापूस दाबून धरा.' ही ओळ मी दिवसाला पन्नास-साठ वेळा म्हणते आणि एकदाही अडखळत नाही. येणाऱ्यांना वाटतं, बाई कमी बोलते पण मोकळं बोलते. रिपोर्टचं कुणी विचारलं की मी आतल्या खोलीकडं बोट दाखवते. बाकीचं आयुष्यही असंच काढलंय. पोस्टात जायचं असलं की वाक्य घरीच तयार करायचं, रस्त्यानं ते म्हणत जायचं आणि खिडकीशी पोचल्या पोचल्या सोडून द्यायचं. पलीकडच्यानं अपेक्षित तेच उत्तर दिलं तर बरं. त्यानं भलतंच काही विचारलं की माझी बोबडी वळलीच म्हणून समजा.

रोज सकाळी कोडोलीहून एस.टी.नं कोल्हापूरच्या स्टँडवर उतरायचं आणि तिथून रिक्षा, असं माझं बारा वर्षं चाललंय. रिक्षा चाचांची; स्टँडवर सगळे त्यांना चाचाच म्हणतात. पहिल्या दिवशी मी 'राजारामपुरी' असं पाठ केलेलं म्हणून आत बसले आणि चाचांनी विचारलं, "कितवी गल्ली?" हे मी तयार केलं नव्हतं. मी 'प… प…' करत बसले. दुसरा कुणी असता तर 'पैली का? पाचवी का? पंधरावी का?' असा पाढा लावला असता. चाचांनी काय केलं, तर इंजिन बंद केलं. मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

"निवांत बोला ताई," ते म्हणाले. "गाडी कुटं पळून चाललीया."

पाचवी, हे मी सांगितलं तेव्हा बराच वेळ गेला होता. तेव्हापासून मी दुसऱ्या रिक्षात बसले नाही. बारा वर्षांत या माणसानं माझा एकही शब्द पुरा केला नाही. हे काय आहे ते माझ्यासारखीलाच कळेल.

चार वर्षांपूर्वी हिवाळ्यातल्या एका सकाळी आमच्या लॅबपासून चार पावलांवर अपघात झाला. मला उतरायचं म्हणून चाचांनी गती आधीच कमी केली होती. माणूस शेजारून चालत गेला असता तर पुढं निघाला असता, इतकी रिक्षा हळू होती. तेवढ्यात बाजूच्या गल्लीतून एक वयस्कर गृहस्थ मोपेडवरून आले, मागं वळून कुणाला तरी हात करत, आणि थेट रिक्षाच्या पुढच्या चाकावर. पडले ते फुटपाथच्या कडेवर. त्यांना त्याच रिक्षात घालून आम्ही दवाखान्यात नेलं. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. रोज दुसऱ्यांना 'कापूस दाबून धरा' म्हणणारी मी, त्या दिवशी स्वतःच ओढणी दाबून धरून बसले. तिसऱ्या दिवशी ते गेले.

त्याआधी, अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी, एक पोलीस लॅबमध्ये जबाब घ्यायला आला होता. बाहेर दहा माणसं नंबर लावून बसलेली, फोन वाजतोय, आणि हा काउंटरला कागद टेकवून उभा. नाव-गाव मी लिहूनच दिलं. मग त्यानं विचारलं, "रिक्षा जोरात हुती न्हवं?"

मला 'हळू' म्हणायचं होतं.

नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं, हे आज सुचतं. पण जीभ एकदा एका अक्षरावर चढली की तिला उतरता येत नाही. मी 'ह… ह… ह…' करत होते. 'ह'शी माझं वैर हजेरीपासूनचं. आणि आमच्या भागात होय म्हणायचं तरी 'ह'च, हो म्हणायचं तरी 'ह'च, हां म्हणायचं तरी 'ह'च.

"हां हां," पोलीस म्हणाला, "कळलं की. घाबरू नका." त्यानं काहीतरी खरडलं, पुढचं काही विचारलं नाही, वाचून दाखवलं नाही, गेला. मला काय वाटलं, ते लपवत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. आणखी बोलायला लागलं नाही, याचाच मला आनंद झाला. त्यानं काय लिहिलं असेल हा विचार माझ्या मनात आला नाही, किंवा आला आणि मी तो ढकलून दिला. दोन्हीतलं काय, ते आता नक्की सांगता येत नाही.

चाचांवर केस झाली. मग तारखा पडत गेल्या. चाचा रोज सकाळी स्टँडवर उभे असत, मी रोज बसत असे. केसबद्दल ते बोलत नसत आणि मी विचारणं शक्यच नव्हतं. आईचे गुडघे कसे आहेत, कोडोलीत ऊस तुटला का, असं विचारायचे आणि मी उत्तर देईपर्यंत थांबायचे.

गेल्या वर्षी मला समन्स आलं. 'साक्षीदार म्हणून हजर राहावे.' त्यात 'म्हणून'ही होतं आणि 'हजर'ही होतं. मी तो कागद लॅबच्या ड्रॉवरमध्ये घातला आणि दुपारी जेवले नाही.

पहिल्या तारखेला मॅडम, म्हणजे न्यायाधीश, रजेवर होत्या. पुढची तारीख मिळाली, नऊ दिवसांनंतरची. मी जिन्याकडं निघाले तर साक्षीदारांची व्यवस्था बघणारे हवालदार मागून आले आणि त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला.

"तुमचा जबाब हाय. वाचून घ्या नीट," ते म्हणाले. "असंच म्हणायचं. इकडची काडी तिकडं न्हाय करायची. आणि कोर्टात 'असं झालं म्हणे, तसं झालं म्हणे' चालत न्हाय, कळलं?"

मी जिन्याशी उभी राहून वाचलं. 'समक्ष विचारले वरून सांगते की, सदर रिक्षाचालकाने आपले ताब्यातील रिक्षा हयगयीने व अविचाराने भरधाव वेगात चालवून मोपेडस्वारास जोराची धडक दिली, ते मी समक्ष पाहिले आहे.' खाली माझं नाव होतं. मी जन्मात असं बोललेली नाही. 'हयगय' हा शब्द मला आयुष्यात बोलता आला नसता. पण तो माझ्या नावावर होता. चाचांना तुरुंगात घालणारा कागद माझ्या तोंडातून निघाला होता, एका अक्षराच्या जोरावर.

मी परत वाचलं, कुठं काही निसटलंय का ते बघायला. आणि तिथंच घात झाला. दोनदा वाचलेलं मला पाठ होतं. लहानपणापासून तसंच आहे. जिना उतरून खाली येईपर्यंत तो अख्खा जबाब पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत माझ्या जिभेवर बसला होता.

त्या नऊ दिवसांत मला ज्याची भीती वाटली तो वकील नव्हता, कोर्टही नव्हतं. मला माझ्या तोंडाची भीती वाटत होती. मी घाबरले की माझी जीभ पाठ असलेल्याकडं धावते, हे मला पुरतं ठाऊक होतं. तिला तिथं ठेच लागत नाही. पिंजऱ्यात उभी राहून मी दचकले आणि जिभेनं तोच सोपा रस्ता धरला तर? एकदाही न अडखळता, स्पष्ट आवाजात, मी चाचांना आत घालून घरी आले असते. सगळ्यांना माझं कौतुकच वाटलं असतं.

मी चाचांची रिक्षा टाळायला लागले. स्टँडच्या मागच्या बाजूनं जाऊन सिटी बस धरायची. एकदा बस सुटताना ते दिसले, रोजच्या जागी, रिक्षाला टेकून, एस.टी.तून उतरणाऱ्या माणसांकडं बघत. मी खाली वाकून चप्पल नीट केल्यासारखं केलं. बस वळेपर्यंत मान वर केली नाही.

जबाब कामातही मधे मधे यायला लागला. मनातल्या मनात 'हयगयीने व अविचाराने' अशी चाल लागून राहायची. एका आजोबांचा दंड बांधून मी म्हणाले, "मूठ घट्ट करा, भरधाव टोचेल." त्यांनी हातच मागं ओढून घेतला. सगळे हसले. मी आत जाऊन नळाखाली मनगटं धरून उभी राहिले.

मग मी ठरवलं, त्या कागदावर दुसरा कागद चढवायचा. मी माझा खरा जबाब लिहिला. अकरा वाक्यं. त्यात 'ह'नं सुरू होणारा एकही शब्द येऊ दिला नाही. 'हळू'च्या जागी 'सावकाश' घातलं, 'हात केला'च्या जागी 'खूण केली'. लॅबच्या मागच्या खोलीत रक्त फिरवायचं यंत्र सुरू केलं की मोठा आवाज होतो, त्या आवाजात मी तो म्हणायची. दिवसाला वीसदा, तीसदा. घरी आईला म्हणून दाखवला.

आईनं भाकरी थापायची थांबवून ऐकलं. "लई गुळगुळीत म्हणतीस," ती म्हणाली. "पाठ केल्यावानी वाटतंय. कोण खरं मानंल?"

"म… म… मग अडखळू?"

"अडखळलीस तर खोटं बोलतीया म्हणतील."

आईचं हे असं असतं. पण ती चुकीचं बोलली नव्हती. घडाघडा सांगितलं तर पढवलेली साक्षीदार, ततपप केलं तर खोटारडी. आणि खरं बोलणाऱ्या माणसाचा आवाज कसा असतो हे कुणी सांगेना. सगळं जग रोज तेच करत असतं, आणि मला ते नऊ दिवसांत शिकायचं होतं. माणसाच्या मताला आपण त्याचं 'म्हणणं' का म्हणतो, हे तेव्हा माझ्या मनात पुन्हा पुन्हा येई. तुमचं म्हणणं काय, असं विचारतात. माझ्याकडं दोन म्हणणी तयार होती. बोलणं एकही नव्हतं.

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या बाकावर पहिल्याच ओळीत गेलेल्या गृहस्थांची मुलगी बसली होती. माझ्याच वयाची. तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच आता तिच्या वडिलांसाठी काहीतरी करणार होते. मागं दाराजवळ चाचा उभे होते, हातात घडी केलेला रुमाल घेऊन. मी दोघांकडंही बघायचं नाही असं ठरवलं आणि पुन्हा पुन्हा बघत राहिले.

शपथ मात्र सोपी गेली. कारकून म्हणाले, "म्हणा माझ्या मागून," आणि मी म्हटलं. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. एवढं मी त्या दिवशी बिनचूक म्हटलं.

सरकारी वकिलांनी विचारलं, "त्या दिवशी काय पाहिलं ते सांगा." मी माझी अकरा वाक्यं सुरू केली. पहिलं गेलं. दुसरं, तिसरं गेलं. टायपिस्टची बोटं माझ्याबरोबर चालत होती. चौथ्या वाक्यात मी रिक्षापाशी आले, आणि तेवढ्यात ती मुलगी पुढं वाकली. एवढंच. ती जराशी पुढं वाकली आणि मी दचकले. 'रिक्षा' या शब्दानंतर माझ्या जिभेपुढं दोन रस्ते होते आणि ती जिन्याशी वाचलेल्या रस्त्यानं निघाली.

"त्या वेळी रिक्षा भरधा…"

मी दात आवळले. खरोखर जीभ चावली, तोंडात रक्ताची चव आली. पण अर्धा शब्द बाहेर पडला होता. आता मागंही जाता येईना, पुढंही. दोन्ही पाठ एकदम पुसले गेले. इतकी भीती मला आजवर वाटली नव्हती आणि पुन्हा वाटू नये. मी पिंजऱ्याचं लाकूड घट्ट धरलं.

"भरधाव," वकील समाधानानं म्हणाले. "रिक्षा भरधाव होती. होय ना?"

मला 'नाही' म्हणायला हवं होतं. पण मला म्हणायचं होतं ते एकच, तीन वर्षांपूर्वी राहिलेलं.

"ह… ह… ह…"

"होय म्हणतात, मॅडम," वकील म्हणाले.

टायपिस्टची बोटं खाली आली. कळांचा आवाज ऐकला आणि मला दिसलं की हे पुन्हा होतंय. जसंच्या तसं होतंय, फक्त या वेळी मोठ्या खोलीत, सगळ्यांसमोर, आणि यानंतर कुणी विचारणार नाही. मी मान जोरजोरात हलवायला लागले. आवाज मात्र तोच येत राहिला, "ह… ह…" एखादी मोटार सुरू होता होता राहावी तसा.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. टायपिस्ट थांबली. "त्यांना पुरं करू द्या."

पंखा फिरत होता. मी दाराकडं बघितलं. चाचा उभे होते, मान जराशी खाली, माझ्याकडं न बघता. रोज रिक्षात समोर बघत बसतात तसेच.

"ह… हळू," मी म्हणाले. "ह… हळू होती."

सरकारी वकिलांचा चेहरा बदलला. त्यांनी मॅडमची परवानगी घेतली आणि ते माझ्यावरच उलटले. साक्षीदार फितूर झालीय, असं ते म्हणाले. मी फितूर. मग त्यांनी विचारलं, "आत्ता जे घडाघडा सांगत होता, ते पाठ करून आला होता ना?"

"होय," मी म्हणाले. नको तिथं 'ह' कसा पटकन निघाला कोण जाणे.

"कुणी पढवलं तुम्हाला?"

"म… मीच लिहिलं. मला पाठ केल्याशिवाय ब… बोलता येत नाही. तुमचा क… कागद पण पाठ आहे साहेब. म्हणून दाखवू?"

मागं कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "नको," त्या म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच विचारलं, "पोलिसांना तुम्ही तेव्हा काय सांगितलं होतं?"

"ह… ह… हळू."

"आणि त्यांनी काय ऐकलं?"

मला हे वाक्य कुणी लिहून दिलं नव्हतं, आणि मीही लिहिलं नव्हतं. "प… पहिलं अक्षर," मी म्हणाले. "ते थ… थांबले नाहीत."

मॅडमनी टायपिस्टला सावकाश मजकूर सांगितला. साक्षीदार बोलताना अडखळते, 'ह' या अक्षरानंतर 'हळू' हा शब्द पूर्ण करण्यास तिला वेळ लागला, असं त्यांनी त्यात घालायला लावलं. शेवटी तो कागद मला वाचायला दिला. मी एकदाच वाचला, पाठ होऊ नये म्हणून, आणि सही केली.

बाहेर व्हरांड्यात ती मुलगी माझ्याजवळून गेली. थांबेल असं वाटलं, ती थांबली नाही. तिच्या वडिलांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, हे मला तिला सांगायचं होतं. ते राहूनच गेलं.

निकाल पुढं चार महिन्यांनी लागला आणि चाचा सुटले. पण त्या दिवशी ते कुणालाच माहीत नव्हतं. मी फाटकाशी बस बघत उभी होते, आणि माझ्यापुढं रिक्षा येऊन थांबली.

"चला ताई," चाचा म्हणाले. "लॅबला सोडतो."

मी बसले. नऊ दिवस मी कुठं होते हे त्यांनी विचारलं नाही. अर्धा रस्ता मी वाक्य जुळवत होते, मग जुळवायचं सोडून दिलं.

"च… चाचा, तुम्हाला म… माहीत होतं? म… माझा जबाब?"

"कागद व्हय? वकिलानं पैल्याच वर्साला दावला हुता की."

म्हणजे तीन वर्षं. माझ्या नावावर त्यांच्या विरोधात काय लिहिलंय हे माहीत असून हा माणूस रोज सकाळी स्टँडवर माझ्यासाठी थांबत होता, आईचे गुडघे विचारत होता.

"मग व… व… व…"

पुढं सिग्नल लागला होता. चाचांनी इंजिन बंद केलं. मागं वळून बघितलं नाही, शब्द सुचवला नाही. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, एक मोटारसायकलवाला शिवी देऊन बाजूनं गेला. चाचा हलले नाहीत.

"व… विचारलं का नाही मला?"

चाचांनी रुमालानं मानेवरचा घाम पुसला.

"मला वाटलं," ते म्हणाले, "ताईंचं वाक्य अजून पुरं झालं नसंल. म्हणून थांबलो."